जुन्या शर्यतीची वही

ठाण्याच्या वर्तकनगरात आमचे एक लहानसे विज्ञान मंडळ आहे. आठवी ते दहावीतील दहाबारा मुलेमुली आणि मी, एक निवृत्त शिक्षक, एवढाच त्याचा पसारा. दर रविवारी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही जमतो आणि हाती आलेल्या एखाद्या साध्या गोष्टीवर तासभर डोके चालवतो. मागे एका रविवारी नववीतल्या एका मुलाने एक जुनी वही आणली. पाने पिवळी पडलेली, कडांना वंगणाचे डाग आणि आत पेन्सिलीने लिहिलेले वेळांचे आकडेच आकडे.

वही त्याच्या आजोबांची होती. ठाण्याच्या गिरणीत फिटर म्हणून लागण्यापूर्वी, १९७० नंतरची काही वर्षे, आजोबा मुंबईच्या एका गॅरेजात काम करीत. गॅरेजचे मालक मोटारींच्या शर्यतींचे मोठे शौकीन. ते आपली फियाट घेऊन मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीसाठी जात. तेथे कडेला उभे राहून प्रत्येक गाडीच्या फेरीची वेळ टिपून घेण्याचे काम आजोबांकडे असे.

"सर," मुलगा म्हणाला, "मी हे आकडे हल्लीच्या शर्यतींशी ताडून पाहिले. आजोबांच्या वेळचे गाडीवाले अगदीच हळू होते!"

त्या दिवशी आजोबाही गच्चीवर आले होते. कठड्याशी बसून ते ऐकत होते. एवढेच म्हणाले, "आकडे बरोबर आहेत बाळा. पण त्या दिवशीचं ऊन काही तू वाचलं नाहीस."

ते बोलले हसून. पण नातवाचे विधान त्यांच्या मनाला लागले होते, हे सर्वांच्या लक्षात आले. मग आम्ही तोच प्रश्न फळ्यावर लिहिला : "त्या वेळचे चालक हळू होते, हे या वहीवरून सिद्ध होते काय?"

विमाने गेली, मोटारी आल्या

आधी शोलावरमविषयी थोडेसे. दुसऱ्या महायुद्धात ठिकठिकाणी विमानांसाठी धावपट्ट्या बांधल्या गेल्या. युद्ध संपले आणि त्यांपैकी पुष्कळ ओस पडल्या. सपाट, रुंद आणि लांबलचक, शिवाय वस्तीपासून दूर! मोटारींच्या शर्यतीला याहून सोयीची जागा कोणती? इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या विमानतळावर १९४८ पासून शर्यती होऊ लागल्या. आपल्याकडे मुंबईत जुहूच्या, कोलकात्याजवळ बराकपूरच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारी पळाल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९५० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या शोलावरमच्या शर्यती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ गाजल्या. १९९० च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टई येथे खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग तयार झाला आणि शोलावरमचे पर्व संपले.

तेथे धावणाऱ्या साऱ्याच गाड्या परदेशी बनावटीच्या नव्हत्या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, म्हणजे पुढे जी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने टॅक्सी म्हणून घरोघर माहीत झाली तीच गाडी, शर्यतीत मोठ्या हौसेने उतरवली जाई. मागची आसने काढायची, वजन कमी करायचे, इंजिनाची डागडुजी करायची आणि निघायचे! इंजिनाचे आकारमान अवघे १०८९ घन सेंटिमीटर.

सगळे आकडे समच कसे?

वही हातोहात फिरत होती. इतक्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, यात एक गंमत आहे. दशांश चिन्हापुढे कुठेही एक, तीन, पाच, सात, नऊ नाही. जिथे तिथे शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ!"

आम्ही चार पाने तपासली. खरोखरच एकही विषम अंक सापडला नाही. मोटारी काही सम आकडे पाहून धावत नाहीत. मग दोष कोणाचा?

उत्तर आजोबांच्या हातातील घड्याळात होते. चावीच्या घड्याळात एक लहानसे चाक सतत मागेपुढे डोलत असते. त्याला तुला-चक्र म्हणतात. पुष्कळशा घड्याळांत हे चाक तासाला १८,००० झोके घेते. १८,००० भागिले ३,६०० बरोबर ५. म्हणजे सेकंदाला पाच झोके. प्रत्येक झोक्याबरोबर काटा एक पाऊल पुढे पडतो, मध्ये कोठेही थांबू शकत नाही. म्हणून अशा घड्याळावर ०.२, ०.४, ०.६, ०.८ एवढेच अपूर्णांक मिळतात. एखाद्या उपकरणाने मोजता येणाऱ्या सर्वांत लहान भागाला त्याचे लघुतम माप म्हणतात. आजोबांच्या घड्याळाचे लघुतम माप ०.२ सेकंद होते.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २७.८ मीटर अंतर तोडते, ०.२ सेकंदात सुमारे ५.६ मीटर. एवढ्या जागेत एकामागे एक अशी दीड फियाट उभी राहील! म्हणजे वहीत ज्या दोन गाड्यांच्या वेळा तंतोतंत सारख्या आहेत, त्या प्रत्यक्षात सारख्या असतीलच असे नाही.

घड्याळाखेरीज माणसाचा हातही आहेच. डोळ्याने पाहिले, मेंदूने हुकूम सोडला, अंगठा दाबला गेला, यात साधारण ०.२ सेकंद जातो. फेरीच्या आरंभी आणि शेवटी दोन्ही वेळा उशीर होत असल्याने ही चूक पुष्कळशी वजा होते. पण दोन्ही उशीर नेमके सारखे नसतात, म्हणून थोडी उरतेच.

सात जणांची एकच वेळ

याचे एक नामांकित उदाहरण सिल्व्हरस्टोनचेच आहे. १९५४ च्या ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीत सर्वांत जलद फेरीसाठी एक गुण ठेवलेला होता. त्या शर्यतीत फेरीच्या वेळा पूर्ण सेकंदांतच मोजल्या गेल्या. निकाल लागला तेव्हा सात चालकांची सर्वोत्तम वेळ १ मिनिट ५० सेकंद अशी एकसारखी निघाली! अस्कारी, बेहरा, फांजिओ, गोन्झालेझ, हॉथॉर्न, मारिमोन आणि मॉस ही ती सात नावे. एका गुणाचे सात भाग करावे लागले आणि प्रत्येकाला एकसप्तमांश गुण मिळाला.

आता आपण हिशेब करू. त्या वेळी सिल्व्हरस्टोनची फेरी ४.७११ किलोमीटर होती. ४,७११ मीटर भागिले ११० सेकंद म्हणजे सेकंदाला ४२.८ मीटर. लघुतम माप एक सेकंदाचे असल्यामुळे या सात जणांत एका फेरीमागे चाळीस मीटरपर्यंत फरक असूनही तो घड्याळाला दिसला नसता.

याच्या उलट उदाहरण १९९७ चे. स्पेनमधील हेरेझ येथे शर्यतीपूर्वीच्या पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झन या तिघांची वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी सारखी आली. फेरी ४.४२८ किलोमीटर, वेग सेकंदाला सुमारे ५४.६ मीटर, लघुतम माप सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात गाडी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर सरकते.

दोन्ही ठिकाणी 'बरोबरी' हाच शब्द वापरला गेला. पण एका बरोबरीच्या पोटात चाळीस मीटर मावतात, तर दुसरीच्या पोटात चार बोटे!

फेरी किती लांबीची?

आता जुन्या आणि नव्या वेळांची तुलना करू. मोनॅको शहरातील रस्त्यांवर पहिली ग्रां प्री १९२९ मध्ये झाली. बुगाटी गाडी चालवणाऱ्या विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी ती जिंकली. त्यांची सर्वांत जलद फेरी २ मिनिटे १५ सेकंदांची होती. २०२१ मध्ये त्याच शहरात लुईस हॅमिल्टन यांनी शर्यतीत १ मिनिट १२.९०९ सेकंदांत फेरी पूर्ण केली. नुसत्या वेळा पाहिल्या तर नवी गाडी १.८५ पट जलद.

पण थांबा! १९२९ मध्ये फेरी ३.१८० किलोमीटर होती, २०२१ मध्ये ३.३३७ किलोमीटर. सरासरी वेग काढला तर पहिला ताशी ८४.८ किलोमीटर आणि दुसरा ताशी १६४.८ किलोमीटर येतो. आता गुणोत्तर १.९४ झाले. लांबी विचारात घेताच उत्तर बदलले.

लांबी घेतली म्हणजे सारे झाले काय? तसेही नाही. इटलीतील मोन्झा येथे १९७१ ची शर्यत पीटर गेथिन यांनी ताशी २४२.६ किलोमीटर सरासरी वेगाने जिंकली. दुसऱ्या चालकापेक्षा ते केवळ ०.०१ सेकंद पुढे होते. त्यांचा सरासरी वेगाचा विक्रम २००३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे टिकला. त्या वर्षी शूमाकर यांनी ताशी २४७.६ किलोमीटरने तो मोडला. पुढे २०२५ मध्ये व्हर्स्टापेन यांनी ताशी २५०.७ किलोमीटर गाठले. मग मधल्या ३२ वर्षांत मोटारींची प्रगती खुंटली होती काय? मुळीच नाही. १९७२ मध्ये मोन्झाच्या सरळ पट्ट्यांवर मुद्दाम नागमोडी वळणे घातली गेली, कारण वेग धोक्याच्या बाहेर चालला होता. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, आणि ब्रेकची पकड तीच असेल तर थांबायला लागणारे अंतरही चौपट. विक्रम टिकला तो गाड्या मंद झाल्या म्हणून नव्हे, तर मार्ग बदलला म्हणून.

वळणावरचा हिशेब

वेळ खरी जाते ती वळणावर. वळणावर गाडीला केंद्राकडे खेचणारे बल लागते, आणि ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. सपाट वळणाची त्रिज्या r, घर्षणांक μ आणि गुरुत्वत्वरण g असेल, तर न घसरता जास्तीत जास्त जो वेग v ठेवता येतो त्याचे सूत्र असे :

v² = μ × g × r

गंमत पाहा. सूत्रात गाडीचे वजन नाही, इंजिनाची शक्ती नाही आणि चालकाचे धाडसही नाही! समजा, त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणांक ०.८ आहे. मग v² = ०.८ × ९.८ × ५० = ३९२; वेग सेकंदाला १९.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर. याहून अधिक वेगाने कोणीही, कितीही निष्णात असला तरी, त्या टायरांवर ते वळण घेऊ शकणार नाही.

आता टायर अधिक चिकट केले आणि घर्षणांक १.६ झाला असे धरू. शिवाय गाडीला उलटे पंख लावले. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात, हे पंख गाडीला खाली दाबतात. हा दाब गाडीच्या वजनाइतका झाला, तर टायरवरील भार दुप्पट होतो. वळवायचे वस्तुमान मात्र तेवढेच राहते. मग v² = १.६ × ९.८ × ५० × २ = १,५६८; वेग सेकंदाला ३९.६ मीटर, ताशी सुमारे १४३ किलोमीटर. बरोबर दुप्पट! फॉर्म्युला वन शर्यतीत असे पंख १९६८ मध्ये आले आणि खाचा नसलेले, गुळगुळीत, रुंद टायर १९७१ मध्ये. मोनॅकोच्या दोन वेगांतील फरकाचा मोठा वाटा अशा सुधारणांचा आहे. १९२९ चा चालक कमी शूर नव्हता. त्याच्या टायरांना तेवढी पकड नव्हती.

त्या दिवशीचे ऊन

येथे आजोबांचे वाक्य आठवा. उन्हाचा आणि वेळेचा काय संबंध?

इंजिनात पेट्रोल जळते ते हवेतील प्राणवायूवर. हवा तापली की प्रसरण पावते, विरळ होते. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. सकाळी २० अंश सेल्सियस म्हणजे २९३ केल्व्हिन, दुपारी ३५ अंश म्हणजे ३०८ केल्व्हिन. २९३ भागिले ३०८ बरोबर ०.९५. दुपारच्या प्रत्येक श्वासात इंजिनाला सुमारे पाच टक्के हवा कमी मिळते, आणि कार्बोरेटरच्या साध्या इंजिनाची शक्ती त्या मानाने घटते. विरळ हवेचा अडथळाही थोडा कमी होतो हे खरे. पण कमी वेगाच्या लहान गाडीला शक्तीची घट अधिक जाणवते. शिवाय तापलेले इंजिन, तापलेले टायर आणि तापलेला चालक!

"आम्ही सकाळची फेरी चांगली निघाली की मालकांना सांगायचो, आता दुपारी याच्यावर जाऊ नका," आजोबा म्हणाले. सूत्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण निरीक्षण अचूक होते.

तोच चालक, तीच गाडी

एक शेवटचे उदाहरण आपल्या देशातले. २०११ मध्ये दिल्लीजवळ बुद्ध मार्गावर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. फेरी ५.१२५ किलोमीटरची. सेबास्टियन व्हेटेल यांनी शनिवारी पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ सेकंद अशी वेळ दिली. रविवारी प्रत्यक्ष शर्यतीत त्यांचीच सर्वांत जलद फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची होती. चालक तोच, गाडी तीच, मार्ग तोच. दोन दिवसांत तीन सेकंदांहून अधिक फरक! कारण पात्रतेसाठी गाडीत थोडेच इंधन असते आणि टायर कोरे असतात. शर्यतीत सुरुवातीला टाकी भरलेली असते, आणि टायर पुष्कळ फेऱ्या पुरवायचे असतात. शर्यतीतली ती जलद फेरी कितवी होती, ठाऊक आहे? साठावी, म्हणजे अगदी शेवटची. तोवर इंधन जळून गाडी हलकी झाली होती.

दोन दिवसांत एवढे बदलते, तर पन्नास वर्षांत काय काय बदलले असेल!

मग वही फेकून द्यायची का?

आता आम्ही फळ्यावरच्या प्रश्नाकडे वळलो. नातवाने वही पुन्हा उघडली. या वेळी तो आकड्यांऐवजी पानांचे मथळे वाचत होता. तारीख होती, गाडीचा क्रमांक होता, वेळ होती. "आजोबा, फेरीची लांबी कुठे लिहिली आहे?" त्याने विचारले.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही लिहिली रे. त्या वेळी वाटलं, लांबी काय, ती सगळ्यांनाच ठाऊक आहे."

मित्रांनो, हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. जे सगळ्यांना ठाऊक असते तेच कोणी लिहून ठेवत नाही, आणि पन्नास वर्षांनी नेमके तेच कोणालाही ठाऊक नसते. लांबी नसल्यामुळे या वहीतून वेग काढता येत नाही. ऊन, टायर, इंधन यांची नोंद नसल्यामुळे आजच्या वेळांशी तिची तुलना करता येत नाही. 'त्या वेळचे चालक हळू होते' हे विधान या वहीवरून सिद्ध होत नाही, आणि 'ते जलद होते' हेही नाही.

मात्र वही निरुपयोगी नाही. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, एकाच घड्याळाने मोजलेल्या दोन फियाट गाड्यांच्या वेळा शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. लांबी कितीही असो, ती दोघींना सारखीच होती. ऊनही सारखे, घड्याळाची खोडही सारखी. त्यांच्यात ०.२ सेकंदाचा फरक असेल तर त्यावर भांडू नये. पण दोन सेकंदांचा फरक असेल तर पुढची गाडी खरोखरच पुढे होती, असे आपण खात्रीने म्हणू शकतो. जुन्या चालकाचे मोठेपण त्याच्या दिवसातल्या, त्याच्या बरोबरीच्या माणसांशी ताडून पाहावे. तेथे ही वही चोख साक्ष देते.

मुलाने पहिल्या पानावर आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली : "फेरीची लांबी माहीत नाही. घड्याळाचे लघुतम माप ०.२ सेकंद." आजोबांनी चष्मा लावून ती वाचली, मान डोलावली आणि वही पुन्हा नातवाच्याच हातात दिली.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर चार कोपऱ्यांत विटा ठेवून एक फेरी आखा. दोरीने तिची लांबी मोजा आणि आधी ती लिहा! एका मित्राला फेरी पळायला सांगा. पाच जणांनी पाच घड्याळांनी वेळ मोजा. पाचही वेळा सारख्या येतात का? सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वेळेतील फरक काढा. हा प्रयोग मैदानावरच करा. येऊरच्या किंवा घोडबंदरच्या रस्त्यावर वाहनांची वेळ लावणे म्हणजे विज्ञान नव्हे, अपघाताला आमंत्रण आहे.

२. मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमची बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. पट्टी h मीटर घसरली तर तुमचा प्रतिक्रियाकाल t = √(२h ÷ g). पट्टी वीस सेंटिमीटर घसरली तर उत्तर सुमारे ०.२ सेकंद येते. तुमचे किती येते?

३. घरात एखादी जुनी नोंद शोधा. शाळेच्या क्रीडामहोत्सवाचे प्रमाणपत्र, विहिरीच्या पाण्याची पातळी, आजीने लिहिलेला दुधाचा हिशेब, काहीही चालेल. तिच्यात 'सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणून काय लिहायचे राहिले आहे? ते सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारून घ्या आणि खाली लिहून ठेवा.